नुसता पाय उचल

प्रिय ताई,

काल जेवताना भावोजींनी कॅरव्हॅन ओढणाऱ्या गाडीची किल्ली माझ्या ताटाशेजारी ठेवली आणि म्हणाले, "मनू, या शनिवारी तू चालव. मी बाजूला बसतो." तुझ्या ईरानं फोनमधून मान वर काढून "फायनली" म्हटलं आणि पुन्हा खाली घातली. ती किल्ली अजून तिथंच आहे, मी उचललेली नाही.

म्हणून हे पत्र. तू गेल्यावर सगळ्यांनी तुझ्याबद्दल लिहिलं. ग्रुपवर लिहिलं, ऑफिसच्या मेलमध्ये लिहिलं, मंडळाच्या अंकातही आलं. मी एक ओळ लिहिली नाही. तुझ्याबद्दल सांगावं असं माझ्याजवळ काही नव्हतं. तुला विचारण्यासारखं मात्र आहे. गेल्या डिसेंबरात एमिरेट्स रोडवर, त्या धुक्यात, बोललं कोण?

क्रमानं सांगते. अर्धवट सांगितलेलं तुला कधी चाललं नाही.

ही कॅरव्हॅन, गाडीमागं जोडून न्यायचं हे चाकांवरचं घर, तू घेतलीस तेव्हा आम्ही किती हसलो होतो, आठवतं? एक युरोपियन जोडपं देश सोडून निघालं होतं, त्यांच्याकडून तू ती घेतलीस आणि आईला फोन लावलास. आई डोंबिवलीहून म्हणाली, "अगं, चांगलं घर असताना गाडीत कशाला राहायचं?" तू म्हणालीस, "आई, घर समुद्रावर नेता येत नाही." आईचं समाधान झालं नाही. भावोजींचंही नव्हतं झालं. इथं दुबईत, अल कुसैसच्या त्या बिल्डिंगखाली तू ती पहिल्यांदा आणून उभी केलीस, तेव्हा वॉचमनपासून तिसऱ्या मजल्यावरच्या आजींपर्यंत सगळे बघायला आले होते.

आणि मग तुझं ते शिकणं. आठवडाभर तू दुसरं काही बोलत नव्हतीस. भरलेल्या कॅरव्हॅनचं वजन गाडीच्या रिकाम्या वजनाच्या पंच्याऐंशी टक्क्यांच्या आत हवं. नव्या माणसानं तर त्याहून जास्त जाऊच नये. सगळं जड सामान चाकांच्या वर, खाली, जमिनीलगत. पाण्याची टाकी रिकामी. आणि नाकावर, म्हणजे पुढं जिथं ती गाडीला जोडली जाते तिथं, एकूण भाराच्या पाच ते सात टक्के वजन. कमी झालं तर शेपूट हलायला लागते, जास्त झालं तर गाडीचा पुढचा भाग उचलला जातो. ते नाक मोजायला तू बाथरूममधला वजनकाटा आणायचीस, त्यावर लाकडाचा ठोकळा ठेवायचीस आणि वाकून आकडा वाचायचीस. भावोजी चहाचा थर्मास घेऊन मागं उभे.

"आमच्यात मी गाडी आणि श्री कॅरव्हॅन," असं तू सगळ्यांना सांगायचीस. "म्हणून तर आम्ही सरळ चालतो." भावोजी हसायचे. त्यांना 'श्री' म्हणणारी तू एकटीच. ऑफिसात ते श्रीकांत, त्यांच्या आईला ते बाळू, मला भावोजी.

तुझ्यावर माझा एक राग आहे, तो इथंच सांगून टाकते. इतकी वर्षं तू त्यांना एकदाही चालवायला दिलं नाहीस. मलाही नाही. "तुम्ही बसा गं, मजा करा." आम्ही बसलो, मजा केली. मग तू तुझं दुखणंही असंच एकटीनं चालवलंस, आणि आम्हाला सांगितलंस तेव्हा वळायला जागा उरली नव्हती.

तू उन्हाळ्यात गेलीस. त्यानंतर भावोजींनी तुझी मोठी गाडी विकली. "त्या सीटवर मला बसवत नाही," म्हणाले. एक छोटी क्रॉसओव्हर घेतली, पांढरी, हलकी, ऑफिसला जायला पुरेशी. कॅरव्हॅन शारजाच्या औद्योगिक भागात इक्बालभाईंच्या यार्डातच राहिली. इक्बालभाई म्हणजे श्रीवर्धनचे, तुला "इंजिनियरबाई" म्हणायचे ते. तू इंजिनियर नव्हतीस हे त्यांना कोणी सांगितलं नाही.

भावोजी दर शनिवारी सकाळी बाहेर जायला लागले. विचारलं की म्हणायचे, वॉकला जातो, बरं वाटतं. मला वाटलं, चांगलं आहे.

डिसेंबरात ते एकदम म्हणाले, "मनू, आपण समुद्रावर जाऊ. तिला दर वर्षी लागायचंच ना डिसेंबरात. उम्म अल क्वैनला, नेहमीच्या जागी. कॅरव्हॅन घेऊन." मी विचारलं, या गाडीनं? ते म्हणाले, "रिकामी आहे गं ती. काही नाही तिच्यात. हलकी आहे." मला त्यातलं काही कळत नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी रंग आला होता, तो मला जाऊ द्यायचा नव्हता.

आम्ही यार्डात पोचलो तेव्हा नुकतंच उजाडलं होतं आणि धुकं उतरलं होतं. फोनवर धुक्याचा इशारा वाजत होता. भावोजींनी कॅरव्हॅन जोडली, दिवे बघितले. वजनकाटा आणला नव्हता. इक्बालभाई जरा लांब उभे होते. ते माझ्याजवळ येऊन म्हणाले, "बाई, धुकं जाऊंदे की. काय घाई आहे?" मी भावोजींकडे बघितलं. ते आधीच स्टिअरिंगवर बसले होते. इक्बालभाई आणखी काही बोलणार होते, पण बोलले नाहीत. "इन्शाल्ला, नीट जा," एवढंच.

ताई, ते धुकं तुला माहीत आहे. पांढरं, जाड, आणि त्यात सूर्य कुठून तरी असतो, म्हणून सगळं आतून पेटल्यासारखं दिसतं. रस्त्याकडेची गाफची झाडं एकदम समोर यायची आणि नाहीशी व्हायची. ट्रक दिसायच्या आधी त्यांचा आवाज यायचा. मी भावोजींच्या शेजारी, ईरा मागं कानात हेडफोन घालून.

शारजा मागं पडल्यावर रस्ता मोकळा झाला आणि भावोजींनी वेग घेतला. थोड्या वेळानं मला वाटलं, कोणीतरी आपल्या सीटला मागून हळूच हलवतंय. उजवीकडे, मग डावीकडे. पाळणा हलवतात ना, तसं. मी ईराकडे वळून बघितलं. ती खिडकीला टेकून बसली होती.

"भावोजी, गाडी हलतेय का?"

ते आरशात बघत होते. मीही माझ्या बाजूच्या आरशात बघितलं. मागं कॅरव्हॅनचा पांढरा चेहरा, धुक्यातून अर्धाच दिसत होता, आणि तो एका बाजूला जाऊन परत येत होता. परत जात होता. पुढच्या खिडकीचा पडदा प्रत्येक झोक्याला सरकत होता. उघडत होता, मिटत होता, उघडत होता. तुझाच तो, बारीक निळ्या फुलांचा.

शेजारून एक मोठा ट्रक गेला. त्याच्या वाऱ्यानं झोका एकदम मोठा झाला. आता आमची गाडीच मागून ओढली जात होती. टायरांचा आवाज बदलला. मी डॅशबोर्ड धरला आणि भावोजींकडे बघितलं.

ते हसत होते, ताई. अगदी बारीक. आरशात बघून, दारात कोणी आल्यावर माणूस हसतो तसं. आणि म्हणाले, "हो, हो. आलो."

त्यांचा पाय अॅक्सिलरेटरवरच होता. मी ओरडायला तोंड उघडलं.

आणि तेव्हा कोणीतरी म्हणालं, शांतपणे, काम सांगावं तसं: "श्री, ब्रेक नको. नुसता पाय उचल."

भावोजींनी पाय उचलला. ब्रेकला हात नाही, पाय नाही, स्टिअरिंग सरळ. वेग उतरत गेला. झोके आधी तसेच होते, मग लहान झाले, मग एक छोटासा राहिला, आणि मग तोही थांबला. आम्ही कडेला लागलो. इमर्जन्सीचे दिवे टक-टक करत होते. पुढं काही दिसत नव्हतं, मागं काही दिसत नव्हतं.

मला वाटलं ईरा बोलली. पोरगी शहाणी आहे, कुठं तरी व्हिडिओत बघितलं असेल. मी खाली उतरले आणि कॅरव्हॅनचं दार उघडायला गेले, कारण आत काय हलत होतं ते मला बघायचं होतं. दाराला कुलूप होतं. किल्ली भावोजींनी लगेच दिली नाही. ईरा म्हणाली, "बाबा, ओपन इट." तेव्हा दिली.

रिकामी नव्हती ती. तुला माहीत असेलच.

मागच्या बाजूला तुझा पलंग घातलेला, तुझी हिरवी चादर, दोन उशा. पलंगाखाली आणि दोन्ही बाजूंना तुझं सगळं घर. साड्यांच्या दोन पेट्या, तुझी पुस्तकं, शिलाई मशीन, मिक्सर, पितळेची भांडी, लोणच्याची बरणी सुद्धा. घरात हे दिसत नव्हतं, पण भावोजींनी माळ्यावर ठेवलं असेल असं मी धरून चालले होते. दाराशी तुझ्या चपला, बाहेरच्या बाजूला तोंड करून. छोट्या टेबलावर दोन कप. एक धुतलेला. एकात चहा तसाच, वर साय धरून वाळलेला. तुझ्या तेलाचा वास येत होता. आठवडाभर कुलूपबंद असलेल्या जागेत असा ताजा वास कसा राहतो, मला माहीत नाही.

ईरा माझ्यामागून दारात आली. मग म्हणाली, "इज धिस व्हेअर यू गो? एव्हरी सॅटर्डे?"

भावोजी खाली रस्त्याच्या कडेला बसले होते. "घरात ठेवलं तर तुम्ही कोणाला तरी देऊन टाकलं असतं," ते म्हणाले. "इथं तिला तिचं सगळं हाताशी राहतं. मी फक्त खुर्चीवर बसतो. पलंगावर नाही बसत."

मी पलंगाकडे बघितलं. एका उशीला मधोमध खळगा होता. मी तो हातानं सारखा केला. का केला, सांगता येत नाही. मला ईरानं तो बघायला नको होता, एवढंच.

मग आम्ही धुकं विरेपर्यंत काम केलं. सगळं जड सामान मागून काढून चाकांच्या वर, जमिनीवर आणलं. पेट्या ढकलताना मी ईराला हळूच म्हटलं, "बरं झालं तू बोललीस. मला तर सुचलंच नाही."

ती थांबली. "मी? आय डिडंट से एनीथिंग, मावशी. आय थॉट इट वॉज यू."

"तुझे हेडफोन होते ना कानात?"

"हो. स्टिल. आय हर्ड यू."

ताई, ईरा तुझ्याशी सुद्धा मराठीत बोलायची नाही, तूच रागवायचीस तिला. आणि मी? मी आयुष्यात कधी भावोजींना एकेरीत हाक मारली नाही. तुमच्या लग्नात त्यांनी मला चॉकलेट देऊन गप्प केलं तेव्हापासून ते 'तुम्ही' आहेत. 'श्री' हा शब्द माझ्या तोंडून निघेल कसा? आणि ब्रेक दाबायचा नसतो हे मला माहीतच नव्हतं. मी असते तर "ब्रेक मारा" म्हणून ओरडले असते. नंतर वाचलं मी, झोके सुरू झाल्यावर जोरात ब्रेक दाबला तर मागची कॅरव्हॅन पुढच्या गाडीला फिरवून उलटी करते. त्या ट्रकांच्या मध्ये, त्या धुक्यात.

इक्बालभाईंना फोन केला. ते त्यांचा जड पिकअप घेऊन आले, कॅरव्हॅन आमच्या गाडीपासून सोडवली आणि स्वतःच्या मागं लावली. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, सकाळी सांगणार होतो. साहेब दर शनिवारी येतात, आत बसतात, बोलत असतात. मी त्यात पडलो नाही. नवराबायकोचं आपण कशाला ऐकायचं?" मग पिकअपचं दार उघडत म्हणाले, "आवाज एकाचाच यायचा असं मी म्हणणार नाही. पण माझे कान म्हातारे झालेत."

परत जाताना त्यांनी ती तशीच भरलेली काट्यावर नेली, औद्योगिक भागात ट्रक तोलतात तिथं. कॅरव्हॅन आमच्या गाडीपेक्षा जड भरली. भावोजी तो आकडा बघत उभे राहिले. ज्या माणसानं वर्षानुवर्षं तुझ्या मागं थर्मास धरून हे सगळं ऐकलं होतं, त्याला समजावून सांगायची गरज नव्हती.

"ईरा होती गाडीत," एवढंच ते म्हणाले.

मी विचारलं, "भावोजी, तुम्हाला काय दिसत होतं आरशात?"

"ती हात करत होती गं. ये, ये, असं. मला वाटलं बोलावतेय. इतके दिवस मी तिथं जाऊन बसलो, ती कधी काही बोलली नाही. मीच बोलायचो. आणि त्या दिवशी बोलली ते काय, तर पाय उचल." त्यांनी चष्मा काढून पुसला. "बोलावत नव्हती म्हणजे. हाकलत होती मला."

म्हणजे त्यांनीही ऐकलं. तिघांनी ऐकलं. त्या संध्याकाळी घरी आल्यावर आम्ही नुसती खिचडी खाल्ली.

पुढचं काही तुला नको असेल कदाचित, पण सांगते. जानेवारीत आम्ही कॅरव्हॅन रिकामी केली. खरंच रिकामी. ईरानं तुझ्या चार साड्या ठेवून घेतल्या आणि शिलाई मशीन. पुस्तकं मंडळाच्या लायब्ररीत गेली. चपला भावोजींनी स्वतःच्या हातानं कागदात गुंडाळल्या, कुठं नेल्या ते मी विचारलं नाही. त्यांची शनिवारची फेरी थांबली. तुझ्या जुन्या गाडीसारखी एक जड गाडी त्यांनी शोधली, क्रॉसओव्हर देऊन टाकली. मी आणि ईरा दोघी यार्डात शिकलो. जोडणं, सोडणं, मागं घेणं. मागं घेताना स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं, त्यात मी इक्बालभाईंचं कुंपण वाकवलं. नाक मोजायला बाथरूमचा काटा ईरानं आणला. ठोकळा ठेवला, वाकून आकडा वाचला. तिच्या मानेची ठेवण तुझी आहे. भावोजींनी तोंड फिरवलं.

फेब्रुवारीत गेलो समुद्रावर. स्वच्छ ऊन, वारा नाही. चालवत भावोजी होते. कॅरव्हॅन अशी सरळ आली, ताई, की मागं काही आहे हे आरशात बघितल्याशिवाय कळू नये. झोका नाही, धक्का नाही, आवाज नाही.

"इट्स सो क्वाएट," ईरा म्हणाली.

भावोजी सारखे आरशात बघत होते. पडदा बांधलेला होता, हलत नव्हता. अर्ध्या रस्त्यात त्यांनी गाडी नीट कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. हॉस्पिटलात रडले नव्हते, विमानतळावरून तुला शेवटचं डोंबिवलीला पाठवताना रडले नव्हते. त्या दिवशी रडले. "मागं कोणी नाही गं मनू," म्हणाले. "कोणीच नाही."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. सगळं नीट जुळलं की असं होत असेल का, की काहीच जाणवत नाही? तू गाडी होतीस तेव्हा त्यांनाही तुझं ओढणं कधी जाणवलं नसेल.

समुद्रावर मग त्यांनी चहा केला. तीन कप. चौथा नाही. मी मोजले नाहीत, ईरानं बघितलं आणि माझा हात दाबला. ते खाली वाळूत बसून पाण्याकडे बघत राहिले, आणि संध्याकाळी म्हणाले, भूक लागलीय.

आता सांग. तू होतीस का? की माझ्याच घशातून माझ्या नकळत तुझा आवाज निघाला? बहिणींचे आवाज सारखे असतात, आई फोनवर नेहमी फसायची. मी स्वतःला हेच सांगते. पण 'श्री' कुठून आलं, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. आणि खरं सांगू? तू असशील तर मला भीती वाटते. तू नव्हतीस असं ठरलं तर त्याहून जास्त वाटते.

एक मागणं आहे. भावोजी आता जेवतात, ऑफिसात जातात, ईराशी भांडतात. पडदा बांधलेला असू दे. त्यांना हात करू नकोस, हाकलायलासुद्धा नको. ते काय समजतील याचा भरवसा नाही.

आणि माझं वचन घे. शनिवारी मी वजन करूनच निघेन. टाकी रिकामी, जड ते चाकांवर, मागं काही लपवलेलं नाही. धुकं असलं तर ऊन वर येईपर्यंत यार्डात चहा पीत बसेन, भावोजींनी कितीही 'यल्ला, चला' केलं तरी. आणि कधी मागं डुलायला लागलंच, तर माझा पाय मी आपणहून उचलीन. तुला बोलावं लागणार नाही, ताई. तू स्वस्थ पडून राहा.

तुझी,
मनू